हापशीचा पहिला पेला

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, ज्यांच्या छडीची आठवण या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या तळहाताला अजून असेल ते निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय केशवराव गुरुजी. प्रमुख अतिथी आणि आपल्या नागरिक समितीचे सर्वेसर्वा गजेंद्रभाऊ. उद्यापासून प्रयोगशाळेत माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या रश्मीताई आणि माझे सर्व सहकारी. पहिल्या रांगेत कूलरसमोर बसलेल्या आमच्या पार्वताबाई. शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलेले जानरावदादा. आणि मे महिन्याच्या एकतीस तारखेला, अकोल्याच्या या उन्हात, दुपारी चार वाजता घराबाहेर पडायचं धाडस केलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना सविनय जय भीम, नमस्कार आणि सलाम.

माझ्याआधी सहा जण बोलले. सहाही जणांनी 'फार वेळ घेणार नाही' असं सांगून वेळ घेतला, म्हणून मी ते सांगत नाही. मी घेणार आहे. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या पाण्यावर एकेका ओळीचे अहवाल लिहिले, आज थोडं सविस्तर बोलू द्या. उभं राहून पाय दुखतात आताशा, म्हणून या टेबलाला टेकते. गुरुजी, याचे मार्क कापू नका.

मानपत्र फार सुंदर लिहिलंत. मला त्यात 'जलरक्षक' म्हटलं आहे. शाल भारी आहे, एवढ्या उकाड्यात घातली नाही म्हणून राग मानू नका. पण मानपत्रात एक वाक्य आहे, 'ज्यांनी आमच्या गल्लीचं विषारी झालेलं पाणी पुन्हा शुद्ध केलं.' टाळ्या वाजल्या त्या वाक्यावर. मी वाजवल्या नाहीत. त्या वाक्याचं उत्तर देणं मला भाग आहे, नाहीतर हे मानपत्र घेऊन मी घरी कशी जाणार?

बाहेरगावच्या पाहुण्यांना आमची कथा ठाऊक नाही. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अलीकडे, ही आपली गल्ली. तोंडाशी हापशी. हापशीपासून तीस पावलांवर जानरावदादांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, ते अठ्ठावीस वर्षं चाललं. कोर्टातले काळे कोट, नवरदेवांच्या शेरवान्या, आयाबायांचे शालू, सगळं तिथं जायचं. ड्रायक्लीनिंगला पाणी लागत नाही, एक द्रावण लागतं. धंद्यात त्याला पर्क म्हणतात. दिसायला पाण्यासारखं, वास थोडा गोडसर, आणि तुपाचा डाग असो की तेलाचा, कापडाला न दुखवता काढणार. यंत्रात उरलेला काळा गाळ आणि खालचं पाणी दादा दुकानामागच्या खड्ड्यात ओतत असत. रोज, अठ्ठावीस वर्षं.

दादा, मान खाली घालू नका. मी तुम्हाला बोल लावायला उभी राहिलेली नाही.

दादांनी मला नंतर जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगते. "मॅडम, मशीन इकणाऱ्यानं मले सांगतलं होतं, हे उघड्यावर टाकलं का उडून जाते. मी फरशीवर टाकून पाह्यलं, दोन मिनिटात उडून गेलं. मले काय मालूम हे जमिनीत जाऊन बसते!" अगदी खरं बोलले. फरशीवरून ते उडतंच. पण आपल्या वऱ्हाडात फरशीखाली काय आहे? काळी माती. पावसाळ्यात ती थेंब सोडत नाही आणि उन्हाळ्यात तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. त्या भेगांतून हे द्रावण मुरमात गेलं, मुरमातून खडकात. ते पाण्याहून जड असतं. पाण्यावर तरंगत नाही, बुडत बुडत खाली जातं आणि खडकाच्या फटीत बसून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाण्यात सुटत राहतं. हापशीचा पाइप त्याच खडकात.

आता कोणी विचारील, मग गल्लीला कळलं कसं नाही? याचं उत्तर आपल्या सगळ्यांत आहे. आपण खारपाणाची माणसं. सोयरीक जमवायला गेलो तरी पोरगा पाहायच्या आधी विहीर चाखणारे. बाळापूरकडे, माझ्या वडिलांच्या गावाला, पाण्याबद्दल एकच प्रश्न असतो, खारं का गोड? खारं नसलं की झालं, देव पावला. आणि आपली हापशी गोड होती. चार गल्ल्यांतून बाया हंडे घेऊन यायच्या. चहा चांगला होतो, डाळ शिजते, केस चिकट होत नाहीत. ही समजूत लोकांची होती असं म्हणून मी मोकळी झाले असते. पण माझ्या प्रयोगशाळेचीही तीच होती. क्षार मोजा, फ्लोराइड मोजा, नायट्रेट मोजा, जंतू पाहा. त्या यादीत पर्क नव्हतं, म्हणून आम्ही ते कधी शोधलं नाही.

इथपर्यंतचं तुम्हाला माहीत आहे. यापुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. रश्मीलाही नाही.

सतरा वर्षांपूर्वी पलीकडच्या वस्तीत काविळीची साथ आली होती. आपल्या गल्लीतल्या बायांनी घाबरून हापशी सोडली. मी नमुना नेला, तपासला, जंतू नव्हते. अहवाल घेऊन मी स्वतः आले. गल्ली जमली. कोणीतरी मागून ओरडलं, "कागद तर सगळेच दाखवतात, सायेब लोक पिऊन दाखवतात का?" आपल्याकडे ही रीत आहेच. योजना सुरू करायची तर पहिला पेला अधिकाऱ्यानं प्यायचा, मग लोकांनी. तेव्हा पार्वताबाई घरात गेल्या. घासून लख्ख केलेला पितळी गडवा आणला, हापशीवर भरला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "घ्या मॅडम, आमच्या घरचा गडवा हाये. आता तुमीच प्या अन् सांगा."

माझे वडील मोतीराम. बाळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांचं लहानपण गेलं. तिथं त्यांना पाणी कसं मिळायचं हे ते आयुष्यात एकदाच बोलले. ओंजळ धरायची आणि वरून, लांबून, कोणीतरी ओतायचं. कधी ओंजळीत पडायचं, कधी सदऱ्यावर. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, वडील शिकले, शिक्षक झाले, मला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. मी नोकरीला लागले तेव्हा त्यांना किती आनंद झाला होता काय सांगू! अख्ख्या जिल्ह्याचं पाणी पिण्यालायक आहे की नाही, हे आता मोतीरामची पोरगी ठरवणार.

त्या मोतीरामच्या पोरीच्या हातात पार्वताबाईंनी घरातला गडवा दिला. ओतला नाही, हातात दिला. मी तो तोंडाजवळ नेला आणि मला वास आला.

अगदी हलका वास. ड्रायक्लीनिंगहून आलेली शेरवानी पिशवीतून काढली की येतो, तो. तीस पावलांवर ते दुकान समोर दिसत होतं. मी शिकलेली बाई. 'पार्वताबाई, जरा थांबा, मला आणखी एक नमुना घ्यायचाय,' एवढंच म्हणायचं होतं. पण सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि घरातला गडवा पुढे केलेल्या बाईसमोर पाण्याचा वास घेऊन मान वळवायची, हे माझ्यानं झालं नाही. मी पूर्ण गडवा प्याले. म्हणाले, "गोड आहे."

दुसऱ्या दिवसापासून हापशीवर पुन्हा रांग लागली. माझ्या अहवालाची प्रत कोणीतरी लॅमिनेट करून हापशीच्या खांबाला बांधली. त्यानंतर वर्षातून दोनदा, नऊ वर्षं, अठरा अहवाल मी त्या हापशीचे सही करून दिले. अठराही 'पिण्यास योग्य'. यादीप्रमाणे एकही खोटा नव्हता. पण त्या वासाचं काय, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. किंवा विचारलं असेल आणि दुसऱ्या कामाला लागले असेन. सरकारी नोकरीत दुसरं काम नेहमीच असतं.

जानरावदादांनी वय झालं म्हणून दुकान बंद केलं, जागा विकली. आठ वर्षांपूर्वी नव्या मालकानं पाया खणायला घेतला आणि खड्ड्यात उतरलेल्या दोन मजुरांना भोवळ आली. तेव्हा रश्मी आमच्याकडे नवीन होती. ती म्हणाली, "मॅडम, आपण प्लास्टिकची कॅन भरतो, वर चार बोटं हवा राहते. उडून जाणारी गोष्ट त्यात सापडेलच कशी?" तिनं हापशीच्या पाण्यानं काचेची बाटली काठोकाठ भरली, बर्फात ठेवून बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली. आकडा आला एका लिटरमध्ये एकोणीसशे मायक्रोग्रॅम. ज्या मर्यादेच्या आत पाणी चालतं असं आम्ही धरतो, ती चाळीस.

हापशीला कुलूप लागलं. लॅमिनेट केलेला कागद मी स्वतः काढला आणि पर्समध्ये ठेवला.

पुढे काय झालं ते आठवा. जानरावदादांच्या दारावर शेण फेकलं गेलं. त्यांच्या नातीच्या लग्नाला गल्लीतून किती माणसं गेली? मी मोजली नाहीत, पण मांडव मी पाहिला होता. आणि मला? मला हार घातला. "मॅडमनं शोधून काढलं." मी तो हार घालून घेतला, गप्प बसले. दादांनी न कळत ओतलं, मी वास येऊनही सही केली. दोघांनी मिळून एकच काम केलं होतं. शेण त्यांच्या वाट्याला आलं आणि शाल माझ्या. आठ वर्षं मला ही गोष्ट खात आली आहे. दादा, आज सगळ्यांसमोर सांगते, तुमच्या दारावरचं अर्धं शेण माझं होतं.

पार्वताबाईंची सून आरती दोन वर्षं यकृताच्या आजारानं अंथरुणाला होती. आता बरी आहे, ती पाहा खिडकीशी उभी आहे. तिच्या आजाराचा या पाण्याशी संबंध होता का? अहवालात आम्ही लिहिलं, 'संबंध सिद्ध करता येत नाही.' शास्त्राप्रमाणे ते बरोबर आहे. संबंध नव्हता, असंही मी तिला सांगू शकत नाही. ती कधी विचारतही नाही. भेटली की चहा करते.

मग सात वर्षं सफाई चालली. सफाई म्हटलं की आपल्याला वाटतं झाडू मारला, पाणी टाकलं, झालं. इथं आधी दुकानामागची माती खणली, बेचाळीस टिप्पर. ती घातक कचऱ्याच्या जागी पाठवली. मग जमिनीत पाइप पुरले आणि यंत्रानं मातीतली हवा ओढायला सुरुवात केली, ती कोळशाच्या टाक्यांतून गाळून सोडायची. एका बोअरमधून दूषित पाणी उपसून उंच मनोऱ्यातून खाली शिंपडायचं, म्हणजे पर्क हवेत सुटतं आणि तेही कोळशात पकडायचं. यंत्राची घरघर एवढी की गल्लीनं त्याला गिरणी नाव ठेवलं. पीठ तेवढं निघत नव्हतं! वीज गेली की गिरणी बंद, मग मला फोन. साहेब बदलले की फाइल बंद, मग मी साहेबांकडे. पाच साहेब झाले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं, पर्क म्हणजे काय, ते बुडतं कसं. तुम्हाला खोटं वाटेल, शेवटी शेवटी मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला होता.

आकडा मात्र उतरत होता. एकोणीसशेचे अकराशे, सहाशे चाळीस, तीनशे, नव्वद. यंदा फेब्रुवारीत चौतीस आला. चाळीसच्या आत! त्या दिवशी मी ऑफिसात रडले. रश्मीनं पेढे आणले. मग नियमाप्रमाणे गिरणी बंद केली. तीन महिने थांबायचं आणि पुन्हा नमुना घ्यायचा. तो आकडाही आत राहिला, तर हापशी उघडायची.

या तीन महिन्यांत मात्र आपण सगळेच घाईला आलो. त्यात मीही आले. माझी निवृत्ती एकतीस मे. समितीनं ठरवलं, निरोप समारंभ आणि हापशीचं उद्घाटन एकाच दिवशी. पत्रिका छापल्या. त्यावर शेवटची ओळ आहे, 'सायंकाळी साडेपाच वाजता पहिला पेला मा. प्रियदर्शनी मॅडम यांच्या हस्ते व मुखे.' मी पत्रिका पाहिली आणि नको म्हटलं नाही. मलाही तेच हवं होतं. सतरा वर्षांपूर्वीचा तो गडवा खऱ्या पाण्यानं फिटावा, आणि मी रिकाम्या डोक्यानं घरी जावं, दुपारी झोपावं. फार दमले आहे हो मी.

काल दुपारी तीन महिन्यांनंतरचा आकडा आला. एकशे बारा.

शांत व्हा. ऐकून घ्या. माठात एकदा रॉकेल ठेवलं, तर माठ कितीही धुवा, वास गेल्यासारखा वाटतो आणि पाणी भरून ठेवलं की पुन्हा येतो. तसं आपल्या खडकाचं झालं आहे. गिरणी चालू होती तोवर फटीतलं पर्क आटोक्यात होतं, बंद केल्यावर ते पुन्हा पाण्यात उतरलं. यात कोणाची लबाडी नाही. काम पूर्ण झालेलं नाही, एवढंच. अजून तीन वर्षं लागतील, कदाचित पाच. मला विचाराल तर मी पाच धरीन.

मी कालच गजेंद्रभाऊंना फोन केला. भाऊ, तुमचं बोलणं सांगितलं तर चालेल ना? भाऊ म्हणाले, "मॅडम, पत्रिका वाटून झाल्या, पाहुणे येऊन राहिले. कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मंग पाहू ना. एका पेल्यानं काय होते!" भाऊंवर माझा राग नाही. आठ वर्षं टँकरसाठी तेच धावले, लोकांच्या शिव्या त्यांनीच खाल्ल्या. आणि एका पेल्यानं मला काही होणारही नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मी प्याले की उद्या सकाळी रांग लागेल. मागे लागली तशीच.

म्हणून सांगते. साडेपाचचा कार्यक्रम होणार नाही. कुलूप तसंच राहील. गिरणी पुन्हा सुरू करायचा प्रस्ताव मी आज सकाळी सही करून रश्मीच्या हाती दिला, नोकरीतली शेवटची सही. रश्मी, साहेब सहावे असतील, पहिल्यापासून सांगावं लागेल. कंटाळू नकोस, असं सांगायचा अधिकार मला नाही. कंटाळलीस तरी सांग. भाऊ, टँकर बंद होऊ देऊ नका, ही माझी तुम्हाला या सगळ्या लोकांसमोर हात जोडून विनंती.

पार्वताबाई, माय. तुमच्या पिशवीत तो गडवा आहे. सकाळी चिंचेनं घासला, हे आरतीनं मला मघाशी सांगितलं. तो तुम्ही आज माझ्यासाठी आणला आणि मी तो घेणार नाही. तुमच्या हातचं या हापशीचं पाणी मी पिणार नाही. मोतीरामच्या पोरीला हे वाक्य कधी बोलावं लागेल, असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. हे बोलायची मला त्या दिवशी लाज वाटली. आजही वाटते आहे, तरी बोलते.

काय म्हणता, माय? माइकवर सांगते, मागच्यांना ऐकू गेलं नसेल. पार्वताबाई विचारतात, "मंग तवाच काहून नाही म्हटलं वं बाई? मी काय रागावली असती?"

नसत्या रागावल्या. आज कळतं. तेव्हा मला वाटलं, मी नाही म्हटलं तर पुढे आलेला हा हात मागे जाईल आणि पुन्हा कधी पुढे येणार नाही. मी तुमचं पाणी प्याले, माय, पण तुमच्यावर भरवसा ठेवला नाही.

गुरुजी, संपवते. समितीनं एवढ्या उन्हात हा समारंभ केला, सहकाऱ्यांनी चौतीस वर्षं मला सांभाळून घेतलं, त्याबद्दल सर्वांची मनापासून आभारी आहे. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाचा मान कमी-जास्त झाला असेल, कोणाच्या चहाला उशीर झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. अठरा सह्या मात्र पोटात घालू नका. उद्या रश्मी किंवा दुसरं कोणी तुमच्यासमोर पेला उचलून 'गोड आहे' म्हणालं, तर त्याला आधी आकडा विचारा, आणि तो अधिकारी आहे, पाहुणा आहे, वाईट वाटेल, म्हणून गप्प बसू नका. जय भीम.